आपल्या अंगणातलं पाणी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम संस्थेच्या पंचवीस वर्षांबद्दल आपणा सर्वांचे अभिनंदन. समितीने मला 'संस्थेच्या आठवणी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. आठवणी सांगणारी मंडळी आज बरीच आहेत आणि ती माझ्यापेक्षा छान सांगतील. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. माझं आयुष्य बँकेत जमा-खर्च तपासण्यात गेलं. आज आपल्या संस्थेच्या एका अशा खात्याबद्दल बोलतो, जे आपल्या वार्षिक अहवालात कधीच छापलं जात नाही. ते म्हणजे पाण्याचं खातं.

निमित्त तुम्हाला माहीत आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून मागच्या मोकळ्या जागेवर काँक्रीट करून तिथे पार्किंग करायचं आणि कडेची जुनी विहीर बुजवायची, असा तो ठराव. ज्या तरुण सभासदांनी तो सुचवला त्यांची अडचण खरी आहे. गाड्या वाढल्या, पावसाळ्यात मागे चिखल होतो, विहिरीला कठडा नीट नाही आणि लहान मुलं तिथे खेळतात. यातली एकही गोष्ट खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच, की हात वर करण्याआधी ती मोकळी जागा आज आपल्यासाठी काय काम करते, ते पाहून घेऊ.

हल्ली वर्तमानपत्रांत 'हरित पायाभूत सुविधा' असा एक भारदस्त शब्द वाचायला मिळतो. अर्थ साधा आहे. शहरातलं पावसाचं पाणी फक्त गटारं आणि पाइप यांनी वाहून न नेता माती, झाडं, तळी, ओढ्याचे काठ, मोकळी मैदानं यांच्याकडून ते अडवून घ्यायचं, मुरवायचं आणि सावकाश सोडायचं. गटार ही जशी सोय आहे तशी मातीसुद्धा सोयच आहे. फरक इतकाच, की गटाराचं बिल येतं आणि मातीचं येत नाही. त्यामुळे तिची किंमत आपल्या हिशेबात धरली जात नाही.

आपल्या भागाला हे नवीन नाही. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली ही गावं ज्यामुळे ओळखली जातात ती गरम पाण्याची कुंडं घ्या. ते पाणी मूळचं पावसाचंच. खडकाच्या भेगांतून ते खूप खोल उतरतं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत अशा उन्हाळ्यांची ओळच आहे. भगवान नित्यानंदांच्या समाधीला येणारा भाविक कुंडाच्या पाण्याला हात जोडतो. मुरलेल्या पावसालाच तो हात जोडत असतो म्हणा ना! आपला शोषखड्डा थेट कुंडाला पाणी पुरवील, असं मात्र मी म्हणत नाही. जमीन पाणी पिते आणि आपल्या सवडीने परत करते, एवढंच त्यातून घ्यायचं.

दुसरं उदाहरण भाताच्या खाचराचं. चारी बाजूंनी बांध घातलेल्या एक एकर खाचरात चार बोटं, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर ते होतं सुमारे चार लाख लिटर. शेतकऱ्याने ते भातासाठी अडवलेलं असतं, पण त्यामुळे खालच्या गावात पूर चढायला वेळ लागतो. आता त्याच एक एकरावर पत्र्याचं गोदाम उभं करा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या पत्र्यावरून तासाभरात दोन लाख लिटर पाणी खाली येईल आणि थेट रस्त्यावर जाईल. भिवंडी तालुक्यात ठाणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत किती खाचरांची गोदामं झाली, हे आपण एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे. त्या गोदामांनी हजारो लोकांना रोजगार दिला, हेही खरं. पण आधी चार लाख लिटर धरून ठेवणारी जमीन आता दोन लाख लिटर फेकणारी झाली, ही नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. भिवंडी शहरात कामवारीला पूर येऊन बाजारपेठेत पाणी शिरलं की आपण 'पाऊस फार झाला' म्हणतो. पाऊस पूर्वीही फार व्हायचा.

मुंबईचं उदाहरण तर शिकण्यासारखं आहे. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. आणि त्या हिशेबात आणखी एक गोष्ट गृहीत धरली होती : पडणाऱ्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल, म्हणून गटारांना निम्म्याचीच सोय करावी लागेल. म्हणजे जमीन ही त्या गटारयोजनेतली निम्म्याची भागीदार होती! पुढे मैदानं गेली, अंगणं गेली, मिठी नदीचे काठ गेले. भागीदार भागीदारीतून गेला आणि सगळा बोजा दुसऱ्यावर पडला. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं. त्याबरोबर असंही सांगितलं, की आता सगळंच पाणी वाहून येणार असं धरून चाला, मुरण्याचा भरवसा धरू नका. मला हे वाक्य एखाद्या बुडीत खात्याच्या शेऱ्यासारखं वाटतं. ज्या जमिनीवर निम्मा भरवसा होता, ती कागदावरून वजा झाली.

मग २६ जुलै २००५ चा दिवस आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आपल्यातल्या जुन्या सभासदांपैकी जे नोकरीसाठी मुंबई-ठाण्याला होते, त्यांना ती रात्र सांगायला नको. त्यानंतर सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. एवढा पाऊस कुठल्याही मातीने पूर्ण प्यायला नसता, हे कबूल. पण पाणी किती वेगाने चढतं आणि किती वेळ साचून राहतं, हे बऱ्याच अंशी मोकळ्या जमिनीवर आणि नाल्यांच्या वाटांवर अवलंबून असतं.

याच मुंबईची दुसरी बाजू आपल्या उशाशी आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या सभोवतीचं जंगल आजही अभयारण्य म्हणून राखलं आहे. विहार आणि तुळशी हे तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सुरक्षित आहेत. म्हणजे प्यायचं पाणी पाहिजे तर डोंगरावर झाडं राहिली पाहिजेत, हे मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. फक्त ती अक्कल धरणापाशी थांबली, अंगणापर्यंत आली नाही. आपलीही गत तीच. तानसा भरून वाहू लागला, दरवाजे उघडले, की शहापूर, भिवंडी, वसई तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. आणि मे महिन्यात याच नदीच्या खोऱ्यात राहणारे आपण टँकरची वाट पाहत जिन्यात उभे असतो. पावसाळ्यात नको इतकं आणि उन्हाळ्यात घोटभरही नाही, हे आपल्या कोकणपट्टीचं जुनं दुखणं आहे. काळ्या खडकावर मुरमाचा थर पातळ, उतार तीव्र, समुद्र जवळ. आलेलं पाणी थांबतच नाही. म्हणूनच त्याला थांबवण्याची प्रत्येक जागा मोलाची.

आता आपल्या संस्थेचा हिशेब करू. गणित सोपं आहे, मुलांनीही करावं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर होतं एक लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या दोन्ही इमारतींची गच्ची मिळून साधारण ५०० चौरस मीटर. म्हणजे वर्षाला साडेबारा लाख लिटर पाणी फक्त गच्चीवर पडतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सव्वाशे टँकर! आपण हे सव्वाशे टँकर पाइपातून फाटकाबाहेर सोडतो आणि उन्हाळ्यात पैसे देऊन दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी आणतो. हा व्यवहार एखाद्या खातेदाराने केला असता तर मी त्याला खुर्चीवर बसवून समजावलं असतं.

सगळे सव्वाशे टँकर साठवता येतील, असा दावा मी करणार नाही. जोराच्या पावसाचा एक तास घ्या, ५० मिलिमीटरचा. गच्चीचे ५०० आणि मागच्या मोकळ्या जागेचे सुमारे ३०० मिळून ८०० चौरस मीटर. त्या एका तासात तिथे पडणार ४०,००० लिटर. हे पाणी धरायचं कुठे?

पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तो शोषखड्डा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा खणून त्यात दगड-खडी भरली, तर दगडांच्या फटींत एका वेळी जेमतेम तीन हजार लिटर मावतं. पुढे ते मुरेल तशी जागा होते. उपयोगी आहे, पण ४०,००० पुढे तीन हजार म्हणजे दर्यामे खसखस.

दुसरा पर्याय आपल्याकडे आयता आहे. मागची ३०० चौरस मीटर जागा उंच करून तिच्यावर काँक्रीट ओतण्याऐवजी ती अर्धा फूट खोलगट करायची. पंधरा सेंटिमीटर खोल, बशीसारखी. त्या बशीत ४५,००० लिटर पाणी मावतं. म्हणजे जोराच्या पावसाचा अख्खा एक तास ती जागा एकटी पेलू शकते. पंधरा शोषखड्ड्यांचं काम एक खोलगट बाग करते. याला परदेशात 'पावसाची बाग' म्हणतात. आपल्या आज्या तिला परसू म्हणत. पागोळ्यांचं पाणी अळूच्या वाफ्याला आणि केळीच्या बुंध्याशी सोडायची पद्धत आपलीच आहे. तिथे कर्दळ, अळू, वाळा, केळ अशी पाण्यात उभी राहणारी झाडं लावावीत. कडेने करंज, जांभूळ, तामण लावावं. मुळं जमीन पोकळ ठेवतात, म्हणून झाडांखालची माती उघड्या, तुडवलेल्या मातीपेक्षा जास्त पाणी पिते.

आता शंका. त्या मला तुमच्यापैकी अनेकांनी जिन्यात अडवून विचारल्या आहेत.

डास होणार नाहीत का? डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी एक-दोन दिवसांत मुरलं किंवा जादा पाण्याच्या पाइपातून निघून गेलं, तर डास होत नाहीत. म्हणून बागेच्या एका टोकाला वरच्या पातळीवर सांडवा ठेवायचा. संततधारेत, विशेषतः श्रावणात, जमीन पूर्ण तुडुंब झालेली असते. तेव्हा ती फार पिणार नाही, जादा पाणी सांडव्यानेच जाईल. हे आधीच माहीत असलेलं बरं.

इमारतीच्या पायाला धोका नाही का? बशी भिंतीला चिकटून करायची नाही. उतार इमारतीपासून दूर ठेवायचा. सेप्टिक टँकजवळ तर मुळीच नाही, आणि सांडपाण्याचा एक थेंबही त्यात जाता कामा नये. अंतर किती ठेवायचं, ते इंजिनिअरकडून लिहून घेऊ. विहिरीत पाणी सोडायचं असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचं गच्ची धुतलेलं घाण पाणी बाहेर सोडायचं, नंतरचं गाळून आत घ्यायचं. जमिनीत कुठे किती मुरतं हे सांगायला राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. आपण अर्ज करू आणि विचारू.

आणि गाड्या? हा प्रश्न टाळून चालणार नाही. गाडीला चाकाखाली कठीण जमीन लागते, पूर्ण गाडीखाली नाही. फाटकाकडच्या पट्टीत जाळीदार ठोकळे बसवून त्यांच्या भोकांत खडी आणि गवत भरलं, तर गाडीही उभी राहते आणि पाणीही उतरतं. साधे पेव्हर ब्लॉक बसवायचे तर खाली वाळू-खडीचा थर द्यायचा. खाली सिमेंट ओतलं तर ते नावाचे पेव्हर, कामाला काँक्रीटच. सगळ्या गाड्या बसतील का? नाही बसणार. चार-पाच गाड्यांची जागा कमी पडेल. तेवढी किंमत आहे, आणि ती सभेला मान्य असेल तरच पुढे जाऊ.

जगात हे चालू आहे का, असं आमच्या नातवंडांच्या वयाची मुलं विचारतात. सिंगापूरमध्ये बिशान बागेच्या कडेने कालांग नदी सिमेंटच्या सरळ कालव्यातून वाहत होती. तिथल्या लोकांनी तो कालवा फोडला आणि २.७ किलोमीटरच्या सरळ कालव्याची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. २०१२ पासून तिथे कोरड्या दिवसांत मुलं काठावर खेळतात आणि पावसात तोच काठ नदीला देऊन टाकतात. चीनमध्ये यू कोंगजियान या रचनाकारांनी 'स्पंज शहर' ही कल्पना रुजवली आणि २०१५ पासून तिथल्या सरकारने निवडक शहरांत ती राबवायला घेतली. पण त्यातही एक धडा आहे. झेंगझोऊ या शहराने स्पंज शहराची कामं केली होती, तरी २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. तेव्हा बाग केली म्हणजे पूर कायमचा टळला, असं कुणी समजू नये. नेहमीचा जोराचा पाऊस ती झेलते. असामान्य पावसासाठी गटार मोकळं लागतं, तळमजल्याचे विजेचे मीटर उंचावर लागतात आणि वेळेवर मिळालेला इशारा लागतो. दोन्ही गोष्टी करायच्या असतात.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या फाटकाबाहेर सोडलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते उताराने खाली जातं. खाली कुडाच्या आणि विटांच्या घरांचा पाडा आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताई, आपल्या बागेतलं गवत काढणारे काका त्याच पाड्यातले. जुलैत आपल्या गच्चीचं पाणी त्यांच्या उंबऱ्याशी पोचतं आणि मे महिन्यात त्यांच्याच घरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन आपल्या विहिरीवरून पुढे जातात. विहीर बुजवली तर ती आपल्याही उपयोगाची राहणार नाही आणि त्यांच्याही. मागे काँक्रीट झालं तर त्या जागेचंही पाणी गच्चीच्या पाण्यात भर घालून खालीच जाणार. सहकारी संस्था म्हणून आपली नोंदणी झाली आहे. सहकार फाटकाशी संपतो असं त्या नोंदणीपत्रात कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून ठरावाला मी विरोध करणार नाही, दुरुस्ती सुचवणार आहे. एक, मागच्या जागेवर काँक्रीट न करता फाटकाकडची पट्टी जाळीदार ठोकळ्यांची आणि उरलेली जागा खोलगट बाग करावी. दोन, विहीर बुजवू नये. गाळ काढून तिला पक्का कठडा आणि लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे मुलांची काळजी मिटेल. तीन, गच्चीचे पाइप फाटकाकडून वळवून बागेकडे आणि गाळणीतून विहिरीकडे न्यावेत. चार, कामासाठी रीतसर तीन कोटेशन मागवावीत, आणि दरवर्षी मे महिन्यात बागेतला गाळ काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा. देखभालीची ओळ नसली की चांगली योजना दोन पावसाळ्यांत मरते, हे मी कर्जाच्या फायलींत पुष्कळ पाहिलं आहे.

आणि पाचवी सूचना बालमित्रांसाठी. गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवू. महाग नसतो. तुमच्यापैकी एकाने रोज सकाळी साडेआठला तो वाचायचा आणि सूचनाफलकावर आकडा लिहायचा. शेजारी विहिरीच्या पाण्याची पातळी लिहायची. पुढच्या वर्षीच्या अहवालात ताळेबंदाच्या मागच्या पानावर ते दोन्ही आकडे छापले जावेत, अशी माझी समितीला विनंती आहे. बाग काम करते की नाही, हे मग माझ्या बोलण्यावरून ठरवायला नको. तुमचे आकडेच सांगतील.

जेवणाची वेळ झाली आहे आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत आला आहे, तेव्हा थांबतो. सभेला मात्र सर्वांनी यावं. ठराव कुठलाही मंजूर होवो, तो गणसंख्येअभावी अर्ध्या तासाने तहकूब सभेत मंजूर होऊ नये, ही विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र.